अर्धा इंच जास्त

आमच्या आईचा आणि गणिताचा पहिल्यापासून छत्तीसचा आकडा. भाषेत तिला साठच्या वर, इतिहासात साठच्या वर, आणि गणितात एकतीस. पास व्हायला पस्तीस लागतात. सोळाव्या वर्षी हे चार मार्क कमी पडले, तेव्हा तिने गुणपत्रिकेच्या चार घड्या घातल्या, ती ट्रंकेच्या तळाशी टाकली आणि शेजारच्या काकूंकडे शिवण शिकायला गेली. तिथे तिला 'क्ष बरोबर किती' असं कुणी विचारलं नाही, म्हणून ती तिथेच रमली.

तेवीस वर्षं सगळं सुरळीत चाललं. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. पायाने चालवायचं एक मशीन, कडा बांधायचं एक ओव्हरलॉक, आणि मधोमध कापायचं भलंमोठं टेबल. या टेबलाला घरात जो मान आहे तो बाबांनाही नाही. त्यावर कप ठेवला तर आई माणसाकडे अशी बघते की माणूस कपासकट बाहेर जातो. दुपारपर्यंत दुकान, आणि संध्याकाळी दोन गल्ल्या सोडून असलेल्या शिवणवर्गात मदतनीस. मदतनीस हे नावाला. शिकवायची सगळं आई, आणि सही करायच्या तिथल्या म्हाताऱ्या शिक्षिका. अकरा वर्षं हा कारभार कुणाला खुपला नाही.

मग त्या शिक्षिका निवृत्त झाल्या आणि वर्गाच्या मोठ्या बाईंनी आईला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "जागा तुमचीच आहे, ते काय मला कळत नाही का? पण आता कागद लागतो. दहावी पास. तुमचा एक विषय राहिलाय ना? या मार्चमध्ये सोडवा. निकालापर्यंत मी जागा धरून ठेवते. नाही सुटला तर बाहेरून कुणीतरी येईल, आणि तुम्हाला त्यांच्या हाताखाली काम करावं लागेल. माझ्या हातात एवढंच आहे."

आई घरी आली आणि एका झग्याची दुमड घालत बसली. दुमड घालून झाल्यावर म्हणाली, "अकरा वर्षं मी दुसरीच्या हाताखाली काढली. आता तिसरीच्या हाताखाली नाही काढणार. मास्तरीणबाई, तुमचं पुस्तक आणा इकडे."

मास्तरीणबाई म्हणजे मी. त्या वर्षी मीही दहावीला होते, आणि गणितात माझा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की ही पैकीच्या पैकी आणणार. माझं डोकं तेव्हा केवढं मोठं झालं होतं ते आता आठवलं की लाज वाटते. मी मनात म्हटलं, पस्तीस मार्कांचा तर प्रश्न आहे, दोन महिन्यांत शिकवून टाकते. बाबा पोस्टात टपाल निवडतात. त्यांनी लगेच सांगून टाकलं, "मला यात ओढू नका. मला पत्ते कळतात, गणित नाही."

शाळा सुटली की तीन ते साडेचार आमची शिकवणी. वही नाहीच. आई कापायच्या टेबलावरच खडूने गणितं करायची आणि बाहीने पुसायची. संध्याकाळी तिच्या उजव्या बाहीवर वर्गमुळं असायची.

पहिल्याच दिवशी आम्ही क्षपाशी अडकलो.

"हा क्ष कोण?" आईने विचारलं.

"तो माहीत नाही. तोच शोधायचाय."

"माणूस समोर नाही आणि माप घ्यायचं?"

"समजा म्हटलंय ना, आई."

"मी कुणाचं काही समजत नाही. एकीने फोनवर सांगितलं, समजा माझी कंबर अठ्ठावीस. समजली. कपडा झाला आणि बाई निघाली चौतीस. तेव्हापासून कानाला खडा लावलाय."

मी कपाळावर हात मारला. चार दिवस आमची गाडी या 'समजा'च्या पुढे गेली नाही. शेवटी मला सुचलं की क्षला गिऱ्हाईक म्हणावं. गिऱ्हाईक येईपर्यंत त्याच्या नावाने कापड बाजूला ठेवायचं, आणि बाकीची मापं जुळली की त्याचं माप आपोआप कळतं. हे मात्र तिला पटलं. वर्गसमीकरणाची दोन उत्तरं आली, एक बारा आणि एक उणे चार, तेव्हा मी समजावायला तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "उणे चार लांबीचं गिऱ्हाईक कुठून आलं? घालव त्याला. अंगाला बसेल ते ठेवायचं." पुस्तकात हेच दोन ओळींत लिहिलं होतं, पण इतकं सोपं नव्हतं.

खरं सांगायचं तर तोवर मला गणित येतं म्हणजे उत्तर येतं, असंच वाटत होतं. आई 'का' विचारायची. त्या 'का'ने माझ्या नाकी नऊ आणले. एकदा मी घाईघाईत सांगितलं, उणे गुणिले उणे अधिक. ती म्हणाली, "का?" मी म्हटलं, "नियम आहे." "नियम कुणी केला?" सातवीपासून मी तो नियम वापरत होते, हजार गणितं केली असतील, आणि मला ठाऊक नव्हतं. आईने टेबलावरची उशीची खोळ उचलली, एकदा उलटी केली, आतल्या शिवणी दाखवल्या. पुन्हा उलटी केली. "झाली सुलट. हेच का?" मी म्हटलं, "हो, हेच." बाहेर जाऊन मी माठातलं पाणी प्यायले आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिले. माझी वर्गातली हुशारी त्या दिवशी जरा वितळली.

वर्तुळातला 'पाय' म्हणजे काय ते शिकवताना तर माझी फजितीच झाली. मी मोठ्या आवेशात सांगितलं की वर्तुळाचा घेर त्रिज्येच्या सहापटीहून थोडा जास्त असतो. आई म्हणाली, "मग यात नवीन काय? घेरदार झगा कापताना कमरेचा सहावा भाग घ्यायचा आणि त्यातून पाव इंच कमी करायचा. वीस वर्षं तेच करतेय." मी गणित करून पाहिलं. तिचं उत्तर माझ्या उत्तराहून केसभर कमी होतं. कमरेचं भोक शिवताना थोडं मोठं होतं म्हणून ते कमी हवं, हे तिला माहीत होतं, मला नव्हतं.

भूमितीत सिद्धतेवरून रोज भांडण. "दोन्ही कोन सारखे दिसतायत ना? मग सिद्ध काय करायचं? घडी घाल, बघ." मी म्हणायची, दिसतं म्हणून चालत नाही, आधी पक्ष लिहायचा, मग साध्य, मग सिद्धता, प्रत्येक ओळीला कारण. ती म्हणायची, "तुमच्या गणितवाल्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही." पण हे कारणाचं शस्त्र तिला मनापासून आवडलं, ते मला आठवड्याभराने कळलं. बँकेतल्या एक बाई कोट घेऊन तणतणत आल्या. डावी बाही आखूड झाली म्हणाल्या. एरवी आई अशा वेळी पुटपुटत टाचण्या गोळा करते. त्या दिवशी तिने कोट टेबलावर पसरला आणि शांतपणे सुरू झाली.

"पक्ष. दोन्ही बाह्या एकाच घडीतून कापल्यात. म्हणून त्या सारख्या. बघा, एकावर एक ठेवल्या. साध्य. तुमचा डावा खांदा उंच आहे. सिद्धता. पर्स कुठल्या खांद्यावर अडकवता?"

"डाव्या."

"घसरू नये म्हणून खांदा वर धरता ना? किती वर्षं?"

"सोळा."

"हे सिद्ध झाले," आई म्हणाली.

बाईंनी आरशात पाहिलं, पर्स उजव्या खांद्यावर घेतली आणि हसल्या. आईने तरी डाव्या बाहीची आतली दुमड उसवून अर्धा इंच सोडून दिला. तेवढं कापड आत राखलेलं होतं म्हणून जमलं. शिवणकामात याला माया ठेवणं म्हणतात. मापापेक्षा थोडं जास्त कापायचं आणि शिवणीच्या आत दडवायचं, म्हणजे माणूस वाढला, जाड झाला, खांदा वाकडा निघाला, तरी कपडा टाकावा लागत नाही. आईच्या हातून माया न ठेवता काही कापलंच जात नाही.

आणि हीच आमची खरी अडचण होती. आई गणितातही माया ठेवायची.

बीजगणित सुटलं, सिद्धता सुटल्या, पण जिथे माप आलं तिथे आईचं उत्तर थोडं जास्त. दीपस्तंभ नव्वद मीटर उंच, जहाजाचा कोन तीस अंश, जहाज किती दूर? उत्तर एकशे पंचावन्न पूर्णांक सात मीटर. आईने सगळं बरोबर केलं आणि खाली लिहिलं, एकशे छप्पन.

"हे वरचं कुठून आणलंस?"

"बुडणाऱ्याला दोर टाकायचा झाला तर कमी पडायला नको."

"कुणी बुडत नाहीये, आई."

"तुला काय माहीत?"

फरशीच्या गणितात एक ओळ जास्त, कुंपणाच्या तारेत हातभर जास्त. तंबूवर तर आमचं कडाक्याचं वाजलं. शंकूच्या आकाराचा तंबू, त्रिज्या सात मीटर, तिरकस उंची पंचवीस, कापड किती लागेल? पाचशे पन्नास चौरस मीटर. सरळ सूत्र. आई म्हणाली, "पाचशे पन्नासात हा तंबू होत नाही. पट्ट्या जोडायला शिवण नको? खाली दुमड नको? हे गणित ज्याने घातलंय त्याने जन्मात बटण लावलेलं नाही."

"परीक्षेत जे विचारलंय तेच लिहायचं."

"मग कापड का म्हणतात? क्षेत्रफळ म्हणावं. कापड म्हटलं की मी कापड धरणार."

मी चिडले. जानेवारी संपत आला होता. तिचा सराव पेपर तपासला तेव्हा एकतीस भरले. तेवीस वर्षांपूर्वीचे तेच एकतीस. सहा मार्क निव्वळ या माया ठेवण्यात गेले होते. मी ओरडले, "तुला ती जागा हवी आहे की नको? मोठ्या बाई दुसरं माणूस आणतील आणि तू पुन्हा तिच्या हाताखाली काजं-बटणं करत बसशील."

मी हे बोलायला नको होतं. आईने टेबलावरच्या त्या एकतीसच्या आकड्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "मला भीती वाटते गं. कमी पडण्याची. तेव्हा चार कमी पडले ना, तेव्हापासून मी काहीच बेतास बात कापत नाही."

मी खडू घेतला आणि टेबलाच्या कडेला, जिथे कापड पसरलं तरी दिसेल अशा जागी, मोठ्या अक्षरांत लिहिलं: अर्धा इंच नाही. आईने ते वाचलं आणि म्हणाली, "ठीक. राहू दे." मार्चपर्यंत तिने ते पुसू दिलं नाही. खडू फिका झाला की स्वतः गिरवायची. प्रत्येक उत्तर लिहिण्याआधी तिकडे नजर टाकायची. मीही टाकायची. दिवसातून वीस वेळा मी तिला विचारायची, जास्त धरलं नाहीस ना, आणि वीस वेळा ती मला सांगायची की तुमचे तंबू पहिल्या वाऱ्यात फाटणार आहेत.

परीक्षेला आमची केंद्रं वेगळी होती, पेपर एकच. आई सकाळी निघाली तेव्हा गळ्यात टेप तशीच. दारात बाबांनी हटकलं, पण तोवर ती रिक्षात बसलेली. हॉलमध्ये पर्यवेक्षकांनी ती काढून घेतली, कारण टेपवर आकडे असतात. आई नंतर सांगत होती, "गळ्यात टेप नसताना मी तीन तास बसले. अंगावर कपडे नसल्यासारखं वाटत होतं."

माझा पेपर छान चालला होता. मग पाचव्या प्रश्नात तंबू आला. अगदी तोच, सात आणि पंचवीस. मी मनात हसले. सूत्र लिहिलं, आकडे घातले, पाचशे पन्नास आलं. आणि मला तो तंबू दिसला. जोडलेल्या पट्ट्या दिसल्या, ताणून बसलेल्या शिवणी दिसल्या. आई म्हणते ते चूक कसं म्हणायचं? कापडच विचारलंय. माझ्या हाताने खाली लिहिलं: शिवण व दुमडीसाठी चाळीस चौरस मीटर अधिक, एकूण कापड पाचशे नव्वद. त्याला चौकट केली आणि मी पुढच्या प्रश्नाकडे वळले. मला त्यात काही खटकलं सुद्धा नाही.

फाटकाबाहेर येते तो आई समोर उभी. आमच्या हॉलमध्ये पेपर गोळा करायला वेळ लागला, तोवर ती तशीच चालत माझ्या केंद्रापर्यंत आली होती. टेप परत गळ्यात.

"तंबू आला होता," ती म्हणाली.

"किती लिहिलंस?"

"पाचशे पन्नास. दोरासुद्धा जास्त नाही. हात शिवशिवत होता बघ, पण डोळे मिटले आणि टेबलाची कड आठवली. तू?"

तेव्हा मला माझी चौकट आठवली. मी म्हटलं, "मीही तेच." आई इतकी खुशीत होती की तिला माझा चेहरा दिसला नाही.

निकालाच्या दिवशी बाबा रजा टाकून घरी थांबले. फोनवर आधी आईचा क्रमांक टाकला. बाबांनी चष्मा पुसून वाचलं. "गणित. छत्तीस." त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग बाबाच म्हणाले, "इतकी वर्षं गणिताशी छत्तीसचा आकडा होता, आता कागदावरच आला." आई हसता हसता रडायला लागली, पदर नाही, रुमाल नाही, हातात आलेल्या अस्तराच्या तुकड्यानेच डोळे पुसले. मग मला म्हणाली, "पस्तीस लागत होते ना? बघ, एक मार्क माया ठेवलीच मी."

मग माझा निकाल. अठ्ठ्याण्णव. बाबांनी पाठ थोपटली. आईने भुवई वर केली. "दोन कुठे सांडलेस? पैकीच्या पैकी ना तुझे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. चाळीस मीटर, चौकट, फाटकाबाहेरचं खोटं, सगळं. सूत्राचा एक मार्क मिळाला असणार आणि उत्तराचे दोन गेले असणार, हेही सांगितलं. आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की आईने तसं लिहिलं असतं तर तिचे चौतीस झाले असते.

आईच्याही ते लक्षात आलं. आता तिला वजाबाकी पटकन येते. "म्हणजे तुझं उत्तर मी लिहिलं," ती म्हणाली, "आणि माझं तू."

"हो."

"वेडी गं माझी पोर." तिने मला जवळ ओढलं, टेपसकट. मला मार्कांचं वाईट वाटत होतं, खोटं का सांगू, पण तिच्या खांद्यावर डोकं ठेवल्यावर ते निम्मं झालं. वर्गाची किल्ली उद्यापासून तिच्याकडे येणार होती आणि रजिस्टरवर सहीही तीच करणार होती.

थोड्या वेळाने माझ्या पाठीवरून फिरणारा तिचा हात थांबला.

"माया किती धरलीस म्हणालीस?"

"चाळीस."

"चाळीस?" ती माझ्यापासून लांब झाली. "सगळ्या पट्ट्यांच्या दोन्ही कडा धर. खालचा चव्वेचाळीस मीटरचा घेर धर, त्याची दुमड दुहेरी. टोकाला तर ठिगळ लावावंच लागतं. चाळीसात कसं होईल? थांब, तुला दाखवते."

तिने खडू घेतला. टेबलावर जागा नव्हती, म्हणून तिने कडेचं 'अर्धा इंच नाही' बाहीने पुसून टाकलं आणि तिथे शंकू काढला. त्रिज्या सात, तिरकस उंची पंचवीस, पाचशे पन्नास, न अडखळता. मग त्याच्या खाली माझ्यासाठी पट्ट्या मोजायला लागली.